सूट साहेबाला, ओटीपी आपल्याला



आजची शेतातली नोंद थोडकी आहे. खोडव्याच्या पाचटाची कुट्टी झाली, बुडखे छाटले, बगला फोडून खताचा पहिला हप्ता दिला, ठिबकच्या नळ्या परत अंथरल्या. आता वाफसा बघून पाणी. एवढंच.

पुढं जे लिहितोय ते काहींना शेतीबाहेरचं वाटेल. वाटू द्या. सातबारा, पीक पाहणी, ठिबकचं अनुदान, विमा, नुकसानीचा पंचनामा हे सगळं शेतीबाहेरचं असेल, तर शेतीत नुसतं खुरपणं उरलं म्हणायचं.

विषय एमएस-सीआयटीचा. हो, तीच ती. पोरं बारावी झाली की तालुक्याला जाऊन करतात आणि प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून भरतीच्या फायलीत ठेवतात, ती परीक्षा. मी ती वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी दिली. पास झालो. हे कौतुकासाठी सांगत नाही. त्या दोन-तीन महिन्यांत जे दिसलं त्यावरून डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, ती सांगायची आहे.

गोष्ट अशी. आजच्या घडीला या राज्यात संगणक शिकायची सगळ्यात जास्त नड कुणाला असेल, तर ती चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या खातेदाराला. आणि नेमकं त्यालाच शिकवायची सोय कुणी केलेली नाही. ही सोय आपण मागून घेतली पाहिजे, आणि ती मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसूही नये.

आता जरा मागं जाऊ.

२००१ साली राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकारानं पुण्यात महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, उभी राहिली. एमएस-सीआयटी हा तिचा अभ्यासक्रम. गावोगाव केंद्रं निघाली, तालुक्याच्या बसस्टँडसमोर पाट्या लागल्या, मराठीतून संगणक शिकता येतो हे लोकांना पहिल्यांदा कळलं. काम चांगलंच झालं, त्यात वाद नाही. पन्नास गुण शिकताना केलेल्या कामाचे, पन्नास गुण शेवटच्या ऑनलाइन परीक्षेचे. घोकंपट्टी करून एका रात्रीत पास होण्यातला प्रकार नाही हा.

पण पुढं काय झालं? सरकारनं ही परीक्षा नोकरीला जोडली. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला संगणकाची अर्हता पाहिजे, ठराविक मुदतीत पास झालं पाहिजे, नाहीतर वेतनवाढ अडेल. कित्येकांच्या अडल्याही, काहींच्या मागं वसुली लागली. वेतनवाढ वाचवण्यापुरते पास झालेले आणि पुढं माउसला हात न लावलेले लोक तुम्हीही पाहिले असतील. असो.

त्याच नियमात एक सूट होती. कर्मचाऱ्याला वयाची पन्नास वर्षं पूर्ण झाली की त्याला या परीक्षेची गरज नाही. म्हणजे सरकारनं आपल्या पगारी माणसाकडं बघून असं ठरवलं की, पन्नाशीनंतर बिचाऱ्यानं आता काय शिकायचं, राहू द्या.

चांगली गोष्ट आहे. माणुसकी आहे. मला त्या सूटवर राग नाही.

माझा प्रश्न एवढाच आहे की ही माणुसकी ऑफिसच्या दारातच का थांबली? ज्या साहेबाला पन्नाशीनंतर संगणकातून सूट मिळाली, त्याच्या टेबलासमोर उभा असलेला सत्तर वर्षांचा शेतकरी मात्र सगळं ऑनलाइन करून आला पाहिजे. साहेबाच्या हाताखाली ऑपरेटर आहे. म्हाताऱ्याच्या हाताखाली कोण आहे?

नुसती यादी बघा.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. पूर्वी तलाठी करायचा ते काम खातेदाराच्या हातात आलं. आपण आपल्या गटात उभं राहायचं, ॲप उघडायचं, गट नंबर निवडायचा, पीक निवडायचं, क्षेत्र टाकायचं, फोटो काढायचा, अपलोड करायचा. कल्पना उत्तम. आपल्या रानात काय आहे ते आपण लिहायचं, दुसऱ्यानं चावडीत बसून नाही. पण ते लिहायला कुणी शिकवलं? एखाद्या सभेत अर्धा तास पडद्यावर दाखवलं की झालं का?

पीएम-किसानला ई-केवायसी. एक तर ओटीपी, नाहीतर अंगठा, नाहीतर ॲपवर चेहरा. हे झालं नाही तर दोन हजारांचा हप्ता अडतो.

शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना तो लागतो. आधारवर नाव एक, सातबाऱ्यावर दुसरं. एकीकडं "बापू", दुसरीकडं "बापूराव". आता हे जुळवत बसा.

महाडीबीटी. ठिबक, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, शेततळं, फळबाग, सगळे अर्ज तिथं. पूर्वी सोडत निघायची, म्हणजे नशिबाचा भाग होता. २०२५ पासून जो आधी अर्ज करेल त्याला आधी प्राधान्य. वरून ऐकायला न्याय्य वाटतं. पण शर्यत लावायची आणि एकाला सायकल द्यायची, दुसऱ्याला सायकल चालवायलाच शिकवायची नाही, याला न्याय म्हणत नाहीत. ज्याला अर्ज स्वतः भरता येतो तो पहिल्या दिवशी भरतो. ज्याला येत नाही तो केंद्रावर नंबर लावतो, सर्व्हर बंद म्हणून परत येतो, दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी असते म्हणून जात नाही, तिसऱ्या दिवशी लाइट नसते.

यातल्या एकाही गोष्टीत "वय वर्षं पन्नास पूर्ण, सबब सूट" असं लिहिलेलं मला सापडलं नाही.

कुणी म्हणेल, अहो केंद्रानं मोफत शिकवलं होतं की. बरोबर. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ साली आलं. ग्रामीण भागातल्या घरटी एकाला शिकवायचं, ६ कोटी घरं गाठायची, असं उद्दिष्ट. २० तासांचं प्रशिक्षण, एक पैसा फी नाही. मार्च २०२४ अखेर ते संपलं. कागदावर उद्दिष्ट पुरं झालं, उलट जास्तच झालं.

पण त्याची वयाची अट बघा. १४ ते ६०. साठीच्या पुढच्या माणसाला साक्षर करायचंच नाही असं तिथंही ठरलेलं. आणि घरटी एक म्हटल्यावर आपल्या घरातलं कोण जाणार? कॉलेजचं पोरगं किंवा पोरगी. ज्याला आधीच येतंय तोच शिकून आला. सातबारा ज्याच्या नावावर आहे तो गोठ्यातच राहिला.

माझ्या मनात हा विषय का खुपतो ते आमच्या गावाकडं बघितलं तर समजेल. पळसदेव हे उजनीकाठचं गाव. मूळ गाव धरणात गेलं. धरणाचं काम १९६९ ला सुरू झालं, १९८० ला पुरं झालं. पाणी फार खाली गेलं की पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं, मग पुण्या-मुंबईचे लोक फोटो काढायला येतात. आम्हाला त्या देवळाबरोबर दुसरंही आठवतं. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या कितीतरी लोकांनी संपादनाच्या, मोबदल्याच्या कागदावर अंगठे उठवले. कागदात काय लिहिलंय ते दुसऱ्यानं वाचून दाखवायचं, आणि त्यानं वाचलं तेच खरं धरायचं. म्हणून त्या पिढीनं पोटाला चिमटा घेतला आणि आम्हाला शाळेत घातलं. आपल्या पोराला कुणापुढं अंगठा द्यायला लागू नये, एवढीच त्यांची इच्छा.

आणि आज आम्ही काय करतोय? परत अंगठा देतोय. त्या वेळी शाईच्या पॅडवर बुडवायचा, आता काचेवर ठेवायचा. त्या वेळी कागद दिसत तरी होता. आता स्क्रीन त्या पोराच्या बाजूला असते, आपण मागच्या बाजूला उभे. तो म्हणतो, "काका, ओटीपी सांगा." आपण सांगतो. कशाला आला होता ओटीपी? अर्जाला, बँकेला, का आणखी कशाला? विचारत कोण नाही. आयुष्यभर खुरपं-दारं धरून बोटं झिजली की त्या काचेवर अंगठाही उठत नाही. मग "काका, परत ठेवा, पुसून ठेवा, दुसरं बोट ठेवा."

दहावी-बारावी शिकलेला माणूस या बाबतीत अंगठेबहाद्दर झालाय. शब्द कडू आहे, पण दुसरा सुचत नाही.

केंद्र चालवणाऱ्या पोरांवर माझा राग नाही हे स्पष्ट करतो. त्यांचं पोट त्यावर आहे आणि त्यातली बरीचशी आपलीच, शेतकऱ्याची पोरं आहेत. पण व्यवस्था कशी आहे बघा. आमच्या शिवारातल्या एका वयस्कर खातेदाराचा ठिबकचा अर्ज एका ठिकाणी भरला गेला. अर्जावर मोबाईल नंबर पडला भरणाऱ्याचा. घाई असते, ओटीपीला परत परत विचारायला नको, म्हणून. पुढं ते दुकान बंद झालं, नंबर बदलला. अर्ज मंजूर झाला, पूर्वसंमतीचा मेसेज त्या बंद नंबरवर गेला. ठराविक दिवसांत संच बसवून बिल अपलोड करायचं असतं. मुदत उलटली, अर्ज बाद. त्या माणसाला हे कळलं चार महिन्यांनी. तक्रार कुणावर करायची?

एक रुपयात पीक विमा आठवतो ना? २०२३ च्या खरिपापासून. शेतकऱ्यानं एक रुपया द्यायचा आणि अर्ज भरणाऱ्या केंद्राला विमा कंपनीकडून अर्जामागं ४० रुपये. तरी जादा पैसे घेतल्याच्या तक्रारी झाल्याच. पुढं बोगस अर्ज निघाले. कुणाच्या नावावर कुणी विमा उतरवला, नसलेल्या पिकाचा उतरवला. शेवटी २०२५ च्या खरिपापासून एक रुपया गेला आणि पुन्हा आपल्या हिश्श्याचा हप्ता आला. आपल्या नावावर काय भरलं जातंय हे प्रत्येक खातेदाराला स्वतः उघडून बघता आलं असतं, तर यातले किती बोगस अर्ज टिकले असते? चोराला अंधार लागतो. हा अंधार आपल्या न येण्याचा आहे.

आता नेहमीचे आक्षेप घेतो. पारावर, दूध डेअरीवर, काट्यावर हेच ऐकतो.

पहिला, "पोरगं करतंय की घरात."
करतंय, घरात आहे तोवर. आमच्याकडची पोरं भिगवण स्टेशनवर गाडी धरतात आणि पुण्याला जातात. चाकण, रांजणगाव, हिंजवडी. पीक पाहणीची मुदत त्यांच्या सुट्टीला थांबत नाही. आणि दुसरं, बापाच्या सगळ्या व्यवहाराचा पासवर्ड पोराकडं आणि बापाला ठाऊक नाही, हे आज गोड वाटतं. वाटणीच्या वेळी गोड राहील का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

दुसरा, "मोबाईल येतो की आपल्याला. संगणक कशाला?"
व्हॉट्सॲपवर सुप्रभात पाठवणं म्हणजे मोबाईल येणं नाही. महाडीबीटीवर सातबारा, आठ-अ, कोटेशन, बिल चढवायचं असतं आणि प्रत्येक फाइल ठराविक केबीच्या आत लागते. फाइल म्हणजे काय, ती कुठं उतरली, तिचं नाव काय ठेवायचं, आकार कमी कसा करायचा, हे कळल्याशिवाय मोबाईलही अर्धाच चालतो. मी हे मोठ्या स्क्रीनवर शिकलो, म्हणून आता छोट्या स्क्रीनवर जमतं. डिजिटल सहीचा सातबारा सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. आमच्या भागात बाहेरून काढायचा तर ५० च्या खाली कुणी काढत नाही, वर जाण्या-येण्याचं पेट्रोल वेगळं.

तिसरा, "शिकायचं तर शिका, पण परीक्षा आणि प्रमाणपत्र कशाला या वयात?"
हा आक्षेप शहाणी माणसंही घेतात, म्हणून जरा नीट सांगतो. शेतकऱ्याचं कुठलंही न तगादा असलेलं काम पुढं ढकललं जातं. आज पाणी, उद्या फवारणी, परवा लग्न, तेरवा दहावा. परीक्षेची तारीख पडली की ती पुढं ढकलता येत नाही. पाच हजारांच्या आसपास फी भरलेली असते, तीही आत टोचत राहते. मी चार वर्षं यूट्यूब बघून शिकत होतो. जे चार वर्षांत आलं नाही ते दोन-तीन महिन्यांत, रोज दोन तास बसून आलं. माणसाला तारीख लागते. ऊस तुटायची तारीख आली की कसे सगळे हलतात, तसंच.

चौथा, "वय झालं, डोक्यात शिरत नाही."
हा आक्षेप सरकारनंच आपल्या डोक्यात घातलाय, पन्नाशीची सूट आणि साठीची अट घालून. द्राक्षाची छाटणी चाळिशीनंतर शिकलेली माणसं आपल्याकडं आहेत. डाळिंबाला तेल्या आला तेव्हा साठीतल्या माणसांनी औषधांची नावं, त्यांचं प्रमाण, काढणीआधीचे दिवस तोंडपाठ केले. पूर्वी फक्त युरिया ओळखणारे लोक आता बारा-एकसष्ट आणि शून्य-शून्य-पन्नासचं वेळापत्रक बोटावर सांगतात. गरज पडली की शिरतं. हळू शिरतं, एवढंच.

आता अभ्यासक्रमाबद्दल. आमच्या बॅचमध्ये बाकी सगळी अठरा-वीस वर्षांची पोरं-पोरी. पहिल्या दिवशी मला विचारलं, "काका, कुठल्या भरतीसाठी?" मी म्हणालो, "उसासाठी." पोरं हसली. हसू द्या, पण तो प्रश्नच सांगतो की या परीक्षेकडं बघायची नजर कशी झालीय. सराव दिला तो बायोडाटा तयार करण्याचा, वाढदिवसाचं कार्ड करण्याचा, ऑफिसच्या पगारपत्रकाचा. पगार ज्याला नाही त्यानं पगारपत्रक करायचं.

मी सरांना म्हणालो, पगारपत्रकाऐवजी उसाचा हिशोब घेऊ का? ते चांगले होते, म्हणाले घ्या. मग एक्सेलमध्ये मी तीन प्लॉट मांडले. आडव्या ओळीत प्लॉट, उभ्या रकान्यात खर्च. नांगरट, बेणं, खत, औषध, मजुरी, पाणीपट्टी, वीज, टॉनिकं, सगळं. ज्याला सरी पाडता येते त्याला एक्सेल येतं बघा, सऱ्या आणि वरंब्याचाच मामला आहे. शेवटी खर्चाला टनांनी भागलं.

लागणीचा ऊस: एकरी खर्च ९६,००० रुपये, उतारा ५२ टन. टनाला १,८४६ रुपये.
खोडवा: एकरी ५४,०००, उतारा ३६ टन. टनाला १,५००.
निडवा: एकरी ४६,०००, उतारा २४ टन. टनाला १,९१७.

आमच्याकडं सगळे म्हणतात, निडवा ठेवावा, खर्चच नाही त्याला. एकरी खर्च बघितला तर कमीच दिसतो. टनाचा खर्च बघितला तर माझ्या रानात निडवा लागणीपेक्षाही महाग. हे आकडे माझ्या रानाचे आहेत, तुमचे वेगळे येतील, निडवा मोडा असं मी कुणाला सांगत नाही. सांगतोय ते हे, की वहीत हे आकडे वर्षानुवर्षं होते. वहीनं ते कधी शेजारी शेजारी उभे केले नाहीत. संगणकानं केले. मी त्या रानात हरभरा पेरला.

कृषी शास्त्रज्ञ मंडळी हे पान वाचतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. माती परीक्षणाचे तीन-तीन अहवाल घरात पडून असतात. उजनीच्या पाण्यावर, पाटाच्या पाण्यावर रानं चोपण होत चालली आहेत हे तुम्ही आम्हाला दरवर्षी मेळाव्यात सांगता. सामू आणि क्षारता वर्षागणिक एका खाली एक लिहिली, आणि त्याची रेघ ओढली, तर ते सांगायला मेळाव्याची गरज उरणार नाही. शेतकरी स्वतः बघेल, आणि स्वतः बघितलेलं तो विसरत नाही. पण ती रेघ ओढायला शिकवा. पत्रकं वाटण्यापेक्षा ते जास्त टिकेल.

आणि आता आपल्या शेजारची, बारामतीची गोष्ट. कृषी विकास ट्रस्टच्या प्रक्षेत्रावर मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डला सोबत घेऊन उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू झाला. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी त्याची दखल घेतली आणि बारामतीचं नाव जगभर गेलं. अभिमानच आहे. जमिनीत सेन्सर, रानात हवामान केंद्र, वर उपग्रह. किती पाणी द्यायचं, कुठल्या कोपऱ्यात रोग येतोय, सगळं शेतकऱ्याच्या मोबाईलवर. २०२५ मध्येच राज्यानं महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, त्याला ५०० कोटींची तरतूद ठेवली.

चांगलंय. मी त्याच्या विरोधात नाही, माझ्या रानात सेन्सर बसवायची इच्छा मलाही आहे. पण मधली पायरी कुठंय? ज्याला आलेल्या पीडीएफचं काय करायचं कळत नाही त्याला उपग्रहाचा नकाशा पाठवायचा. जमिनीतला ओलावा सेन्सर सांगेल, पण तो आकडा बरोबर आहे का, आपल्या रानाला लागू पडतो का, हे विचारायची ताकद शेतकऱ्यात नसेल, तर पूर्वी दुकानदार सांगायचा ती बाटली मारायचो, आता मोबाईल सांगेल ती मारू. मालक बदलला, गडी तोच. ५०० कोटींतला एक छोटा वाटा तरी खातेदाराला साधा संगणक शिकवण्यावर खर्च झाला पाहिजे, नाहीतर वरचे सगळे मजले हवेत.

बायकांचं तर वेगळंच. अनुदानासाठी, कर्जासाठी, कमाल जमिनीच्या हिशोबासाठी म्हणून कित्येक घरांत जमीन घरधनिणीच्या नावावर असते. सातबारा तिचा, पण मोबाईल नंबर नवऱ्याचा. २०२४ ला लाडक्या बहिणीचे अर्ज निघाले तेव्हा केंद्रांवर रांगा बघितल्या ना? अर्ज कुणाचा, भरतंय कोण, ओटीपी कुणाच्या खिशात? एमएस-सीआयटीला मंडळी पण चला म्हटल्यावर आमच्या घरातून पहिलं उत्तर आलं, "मग म्हशीची धार कोण काढणार?" उत्तर बरोबरच होतं. आता मी काढतो संध्याकाळची. तिची बॅच चालू आहे. धार काढायला मात्र मला परीक्षा द्यावी लागली नाही, एवढंच सुख.

नुसती तक्रार करून थांबणं बरं नाही. मागण्या लिहितो.

१. वयाची अट कुठंच नको. सरकारी खर्चानं जी कुठली डिजिटल साक्षरतेची योजना पुढं येईल, ती साठीच्या पुढच्या खातेदाराला पहिल्यांदा घेणारी असावी. ज्या दिवशी ऑनलाइनची सक्ती, त्या दिवशी शिकवण्याचीही सक्ती.

२. बॅच आमच्या वेळेत. सकाळी अकराची बॅच शेतकऱ्यासाठी नसते. संध्याकाळी सात ते नऊ, गावात, शाळेच्या संगणक खोलीत. जिल्हा परिषदेच्या शाळांत संगणक आहेत, संध्याकाळी ते झाकूनच असतात. आणि महिने बघून घ्या. तोडणी चालू असताना, पेरणीच्या दिवसांत कुणी येणार नाही.

३. सराव आमचा. बायोडाटा राहू द्या. सातबारा उतरवणं, फेरफार वाचणं, महाडीबीटीचा अर्ज, ई-पीक पाहणी, उसाचा हिशोब, माती अहवालाची रेघ, आणि सगळ्यात आधी ओटीपी कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही. एमकेसीएलनं हे घेतलं तर गावोगाव बॅच भरतील, असं मला वाटतं. अभ्यासक्रम तोच ठेवा, उदाहरणं बदला.

४. फीचा भार संस्थांनी उचलावा. सहकार कायद्याच्या कलम २४-अ मध्ये सभासदांच्या शिक्षण-प्रशिक्षणाची जबाबदारी संस्थेवर टाकलेली आहे. कारखाना असो, विकास सोसायटी असो, दूध संस्था असो. वार्षिक सभेत आपण काय विचारतो? भाव किती आणि चहा-भज्याची सोय काय. पुढच्या सभेला अहवाल उघडा आणि विचारा, सभासदांच्या प्रशिक्षणावर गेल्या वर्षी किती खर्च केला आणि कशावर? हळद-कुंकवाच्या कार्यक्रमावर का संगणकावर?

५. दर गावात, दर आठवड्याला एक दिवस, सरकारच्या माणसानं बसावं. अर्ज भरून द्यायला नाही, आपण भरताना शेजारी बसायला. यातला फरक ज्याला कळला त्याला माझा सगळा लेख कळला.

आणि आपल्यासाठी एकच. हे सगळं होईपर्यंत वाट बघू नका. केंद्रावर गेलात तरी तीन गोष्टी करा. अर्जावर मोबाईल नंबर स्वतःचाच टाकायला लावा. युजर आयडी आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून घ्या. स्क्रीन आपल्याकडं फिरवायला सांगा आणि भरलेलं वाचून मगच ओटीपी द्या. पोरगं वैतागेल. वैतागू द्या. रान आपलं आहे.

ऊस कारखान्यावर गेला की आपण काट्यावर उभं राहतो, वजन डोळ्यांनी बघतो, मग पावती खिशात घालतो. काटा दुसऱ्यानं बघितला तर चालतं का आपल्याला? मग अर्जाच्या बाबतीतच कसं चालतं?

आमच्या वस्तीवर सध्या नऊ जण तयार आहेत. सर्वांत मोठे अडुसष्ट वर्षांचे. शाळेच्या मुख्याध्यापकांना अर्ज दिलाय, संध्याकाळी खोली उघडून द्या म्हणून. अर्ज संगणकावर टाइप केलेला आहे, मराठीत, आणि खाली नऊ सह्या आहेत. अंगठा एकही नाही.

तुमच्या गावात किती जण जमतात ते कळवा. फोडणीला आकडा हवाय, सरकारकडं जाताना उपयोगी पडेल.

पुढची नोंद खोडव्याच्या फुटव्यांची. आठ दिवसांनी.